स्मारकलेखातील कर्ता : ओरादूरच्या अवशेषांचे एक वाचन

स्मारकलेख हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, याविषयी आपल्याकडे फारशी चर्चा झालेली नाही. शिलालेख व ताम्रपट यांचा अभ्यास आपण भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणून करतो; त्यांतील विभक्तिप्रत्यय मोजतो, लेखाचा काळ ठरवितो आणि पुढे जातो. परंतु चौकात, वेशीवर किंवा पडक्या भिंतीवर लावलेला चार ओळींचा लेख ही एक रचना आहे, तिला निवेदक आहे, संबोधित वाचक आहे आणि मुख्य म्हणजे तिच्यात काय सांगावयाचे व काय गाळावयाचे याचा निर्णय कोणीतरी केलेला आहे, या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. कादंबरीकाराला तीनशे पाने मिळतात. एखाद्या पानावरील चूक तो दुसऱ्या पानावर सावरू शकतो. स्मारकलेखकाला ती सवलत नाही. त्याचे एक क्रियापद चुकले तर ते दगडात चुकते.

युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावाचा स्मारकलेख तर याहूनही अवघड. एखाद्या वीराचे स्मारक करावयाचे तर कर्ता आयताच मिळतो : अमुक लढला, अमुक पडला. आपल्या वीरगळांची सारी रचना या क्रियेवर उभी आहे. खालच्या चौकटीत झुंज किंवा मृत्यू, वरच्या चौकटींत स्वर्गारोहण व देवपूजा. अक्षरे नसली तरी गावकऱ्याला अर्थ कळतो, कारण शिल्पातील पुरुष काहीतरी करीत असतो. पण ज्या गावाने काहीच केले नाही, ज्याच्यावर केवळ काहीतरी ओढवले, त्याची शिळा कोणत्या व्याकरणाने लिहावयाची? तेथे कर्ता मृत मनुष्य नसतो. कर्ता मारणारा असतो, आणि त्याचे नाव मृतांच्या दगडावर कोरावे की नाही, हा प्रश्न साहित्याचा आहे तितकाच न्यायाचा आहे. फ्रान्समधील ओरादूर-स्युर-ग्लान या गावाच्या अवशेषांचे व तेथील लेखांचे वाचन येथे या एका प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचे आहे.

घटना थोडक्यात अशी. ओरादूर हे लिमोज शहराच्या वायव्येस सुमारे बावीस किलोमीटरांवर असलेले एक साधे बाजाराचे गाव. लिमोजहून तेथवर ट्राम येत असे. १० जून १९४४ रोजी, शनिवारी दुपारी, नॉर्मंडीतील रणभूमीकडे निघालेल्या ‘दास राइश’ या एस. एस. रणगाडा-विभागातील एक तुकडी गावात शिरली. आदल्या दिवशी याच विभागाने त्यूल या गावी ९९ पुरुषांना फासावर लटकाविले होते. ओरादूरच्या लोकांना बाजारमाळावर जमविण्यात आले. पुरुषांना वेगळे काढून गोठे व कोठारे अशा निरनिराळ्या ठिकाणी नेले आणि गोळ्या घालून जाळले. स्त्रिया व मुले यांना चर्चमध्ये कोंडून तेथेच मारले व चर्चला आग लावली. चर्चमधून एकच स्त्री जिवंत बाहेर पडली. वेदीमागील खिडकीतून तिने उडी टाकली. एका कोठारातून पाच पुरुष निसटले. शाळेतील मुलांपैकी एकच मुलगा वाचला. तो लोरेन प्रांतातून आलेल्या निर्वासित कुटुंबातला होता. मृतांची संख्या अनेक दशके ६४२ सांगितली जात होती. अलीकडच्या संशोधनात एका स्पॅनिश निर्वासित स्त्रीचे सुटलेले नाव निश्चित झाल्याने ती ६४३ झाली आहे. सायंकाळपर्यंत गाव जळून गेले.

या राखेचे काय करावयाचे, याचा निर्णय असामान्य त्वरेने झाला. मार्च १९४५ मध्ये, युद्ध चालू असतानाच, द गॉल तेथे येऊन गेले. १० मे १९४६ च्या कायद्याने सर्व अवशेष ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित करण्यात आले आणि शेजारी नवे गाव वसविण्याचे ठरले. त्याची कोनशिला राष्ट्राध्यक्ष ओरियोल यांच्या हस्ते १० जून १९४७ रोजी बसली. म्हणजे येथे मूळ स्मारकलेख गावच आहे. छप्पर उडालेली घरे, रस्त्यातील ट्रामचे रूळ व वरच्या तारा, गंजलेल्या मोटारी, शिवणयंत्रांचे सांगाडे, चर्चमधील वितळलेली घंटा, हाच त्याचा मजकूर. पुढे लावलेल्या पाट्या या त्या मजकुरावरील टीपा होत.

येथे लिदित्सेची आठवण होणे अपरिहार्य आहे. चेकोस्लोव्हाकियातील ते गाव बरोबर दोन वर्षे आधी, १० जून १९४२ रोजी, उद्ध्वस्त करण्यात आले. १७३ पुरुषांना तेथे गोळ्या घातल्या, स्त्रियांना छळछावण्यांत धाडले, घरे जाळून व सुरुंगांनी उडवून जमीन सपाट केली. स्मशानही सोडले नाही. पण महत्त्वाचा भेद असा की, लिदित्सेचा नाश नाझींनी स्वतः जाहीर केला. गावाचे नाव पुसून टाकले आहे, असे त्यांनी जगाला सांगितले आणि त्या कामाचे चित्रपट घेतले. तेथे कर्त्याने आपली स्वाक्षरी आपणच केलेली होती. म्हणून लिदित्सेच्या स्मारकाला कर्ता शोधावा लागला नाही. ते रिकाम्या कुरणावर विसंबून राहू शकले, आणि पुढे मारी उखितिलोव्हा या शिल्पकर्त्रीने मारल्या गेलेल्या ८२ मुलांचा जो समूह घडविला त्यातही मारणाऱ्यांचा मागमूस ठेवण्याची गरज पडली नाही. याच्या नेमके उलट गेर्निकाचे. २६ एप्रिल १९३७ रोजी त्या बास्क गावावर जर्मन व इटालियन विमानांनी बाँब टाकले, आणि फ्रँकोच्या बाजूने लागलीच असा प्रचार सुरू झाला की, माघार घेणाऱ्या लाल सैनिकांनीच गाव पेटवून दिले. तेथे प्रत्येक लेखापुढे पहिला प्रश्न कर्त्याचाच होता, आणि जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याचे स्पष्ट उत्तर देण्यास १९९७ साल उजाडले.

ओरादूर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे आहे. कर्ता ठाऊक होता. पण तो पूर्णपणे उच्चारता येत नव्हता.

आता पाट्यांकडे वळू. त्या तीन प्रकारच्या आहेत. प्रवेशद्वाराशी एक शब्द आहे : ‘आठव’, फ्रेंचमध्ये व इंग्रजीतही. फ्रेंच क्रियापद एकवचनी, जवळिकीचे आहे. मराठीत आपण ‘तू’ म्हणून ज्याला हाक मारतो त्याला उद्देशून केलेले. सरकारी फलकावर असे संबोधन क्वचित आढळते. सरकार नागरिकाला आदरार्थी बहुवचनाने बोलते. येथे त्याला अरे-तुरे केले आहे, आणि ते योग्यच वाटते, कारण हा आवाज सरकारचा नसून मृतांचा आहे असा भास त्यामुळे होतो. इंग्रजी प्रतिशब्दात हा भेद टिकत नाही, हे सांगावयास नकोच.

दुसऱ्या पाट्या वधस्थानांवरील. त्यांचा आशय असा : हे यातनास्थळ आहे, येथे पुरुषांच्या एका गटाला नाझींनी मारून जाळले, क्षणभर स्तब्ध व्हा. चर्चवरील पाटीत शेकडो स्त्रिया व मुले येथे नाझींकडून मारली गेली, असे सांगून नंतर दोन निरनिराळ्या वाचकांना दोन निरनिराळ्या विनंत्या केल्या आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्याने चिंतन करावे. श्रद्धावंताने मृतांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी प्रार्थना करावी. या छोट्या विभागणीकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. वाटसरूला थांबविणे हा ग्रीक-लॅटिन समाधिलेखांचा जुना संकेत आहे. परंतु निधर्मी प्रजासत्ताकात, एका चर्चच्या भिंतीवर, प्रार्थनेची सक्ती न करता आणि प्रार्थनेला मज्जावही न करता तो संकेत वापरावयाचा, तर वाचकाची अशी फोड करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्याने ही ओळ लिहिली त्याला आपला वाचक कोण आहे हे नेमके माहीत होते. इतके कौशल्य पुष्कळ काव्यसंग्रहांच्या अर्पणपत्रिकांतही आढळत नाही!

तिसऱ्या प्रकारच्या पाट्या घराघरांवर आहेत, आणि आमच्या मते सर्व लेखनात त्या श्रेष्ठ होत. त्यांवर कुटुंबाचे नाव आणि धंदा एवढेच असते : न्हावी, लोहार, पाववाला. क्रियापद नाही, तारीख नाही, विशेषण तर नाहीच. पण याच पाट्यांमुळे ६४३ हा आकडा पुन्हा माणसांत रूपांतरित होतो. दुकानाची पाटी ही मुळात जिवंत माणसाची जाहिरात. ती भग्न भिंतीवर पाहिली की, गिऱ्हाईक म्हणून आपण आलो आणि दुकान बंद आढळले, अशी काहीशी लाजिरवाणी भावना वाचकाच्या मनात उत्पन्न होते. करुणरसाची निष्पत्ती विभावांच्या नेमक्या मांडणीतून होते, भावनेचे नाव घेतल्याने होत नाही, हे आपल्या साहित्यशास्त्राने सांगितलेच आहे.

पण आता मूळ प्रश्नाकडे. वधस्थानावरील पाट्यांची वाक्ये कर्मणी प्रयोगातली असली तरी त्यांत कर्ता गाळलेला नाही. ‘नाझींकडून’ हा शब्द स्पष्ट आहे. असंख्य स्मारकांवर ‘मृत्यू पावले’, ‘बळी पडले’ अशी वाक्ये असतात, जणू काही ज्वराची साथ येऊन गेली. ओरादूरने ती पळवाट घेतली नाही. शिवाय ‘जर्मन’ न म्हणता ‘नाझी’ म्हटले आहे. राष्ट्राचे नाव टाळून मताचे नाव घेतले, यात संयम आहे आणि दूरदृष्टीही आहे; २०१३ साली जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसह या अवशेषांतून चालत गेले तेव्हा भिंतीवरील कोणत्याही पाटीने त्यांना परत जा म्हटले नाही. परंतु हाच शब्द, जितका नेमका वाटतो तितकाच झाकणाराही आहे. कारण त्या दुपारी गावात आलेल्या सैनिकांत काही फ्रेंच नागरिक होते.

१९४० मध्ये हिटलरने आल्सास व लोरेनचा मोझेल विभाग आपल्या राज्यास जोडला आणि १९४२ च्या ऑगस्टपासून तेथील तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केले. अशा सुमारे १,३०,००० जणांना फ्रान्समध्ये ‘मनाविरुद्ध गेलेले’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. त्यांतील काही ओरादूरला होते. जानेवारी १९५३ मध्ये बोर्दो येथील लष्करी न्यायालयापुढे २१ आरोपी उभे राहिले. त्यांत सात जर्मन आणि चौदा आल्सासचे, चौदांपैकी एक स्वेच्छेने भरती झालेला व तेरा सक्तीचे. हल्ल्याचा प्रमुख डीकमान नॉर्मंडीत तेव्हाच मारला गेला होता. विभागाचा सेनापती लामरडिंग पश्चिम जर्मनीत सुखाने राहत होता आणि १९७१ मध्ये मरेपर्यंत फ्रान्सच्या हाती लागला नाही. निकाल १३ फेब्रुवारीस लागला. एक जर्मन व एक स्वेच्छेने गेलेला आल्सासी यांना मृत्युदंड, इतरांपैकी बहुतेकांना सक्तमजुरी वा तुरुंगवास. आल्सासमध्ये संतापाची लाट उसळली, आणि आठवड्याच्या आत संसदेने ३१९ विरुद्ध २११ मतांनी सक्तीने भरती झालेल्यांना माफी देणारा कायदा संमत केला. ते तेरा जण घरी गेले.

ओरादूरचे उत्तर स्मारकलेखानेच आले. गावाने आपला युद्धक्रूस व मृतांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ‘लेजिओं द ऑनर’ हा सन्मान शासनाला परत केला. शासनाने बांधलेल्या भूमिगत दालनात आपल्या माणसांच्या अस्थी ठेवण्यास कुटुंबीयांनी नकार दिला. त्या स्मशानात त्यांनी स्वतः उभारलेल्या समाधीत गेल्या, आणि सरकारी दालन अनेक वर्षे रिकामे राहिले. आणि अवशेषांच्या प्रवेशद्वाराशी माफीच्या बाजूने मत देणाऱ्या ३१९ प्रतिनिधींची नावे लिहिलेला फलक उभा राहिला.

या फलकाला टीकाकारांनी सूडबुद्धीचा नमुना म्हटले तर नवल नाही. लेख म्हणूनही तो सदोषच. मतदारांची यादी ही समाधीची भाषा नव्हे. त्याहून मोठा दोष असा की, त्याने कर्त्याची रिकामी जागा भरली खरी, पण ती दुसऱ्याच क्रियेच्या कर्त्यांनी भरली. गाव जाळणारे आणि जाळणाऱ्यांना क्षमा करणारे यांचे अपराध एका जातीचे नव्हेत. एकाच वेशीवर त्यांची नावे लावल्याने पहिल्यांचा अपराध उलट पुसट होतो. तरीही हा फलक नुसता रागाचा उद्रेक होता असे आम्हांस म्हणवत नाही. ज्या लोकांना न्यायालयात कर्ता नाकारला गेला त्यांनी तो भाषेत मागितला. साधन त्यांच्यापाशी एकच होते, ते म्हणजे वेशीवरची पाटी. १९६० नंतरच्या दशकात तो फलक उतरविण्यात आला, आणि समेटाच्या दृष्टीने ते उचितच झाले. मात्र ओरादूरच्या लेखांचा अभ्यास करणाऱ्याने तो वगळून चालणार नाही. खोडलेली ओळ हीही हस्तलिखिताचा भाग असते.

न्याय आल्सासच्या बाजूनेही पाहिला पाहिजे. स्ट्रासबूरच्या चौकात १९३६ मध्ये उभारलेले एक युद्धस्मारक आहे. मांडीवर दोन मरणारे पुत्र घेतलेली माता. पुत्र नग्न आहेत, कारण गणवेश दाखवावयाचा तर तो कोणत्या देशाचा? पहिल्या महायुद्धात आल्सासचे तरुण बहुसंख्येने जर्मनीकडून लढले होते. म्हणून लेख केवळ ‘आमच्या मृतांस’ एवढाच. फ्रान्समधील इतर स्मारकांवर जे ‘फ्रान्ससाठी’ असते ते येथे नाही. हा वगळलेला शब्द खरा आहे, त्यात लबाडी नाही. बोर्दोच्या निकालानंतर याच शिल्पावर काळे वस्त्र चढविण्यात आले. एका प्रांताचे स्मारक दुसऱ्या गावाच्या स्मारकाशी असे भांडत होते, आणि दोघांचाही दावा बळी असण्याचा होता. त्यात ओरादूरच्या मृतांत आल्सास-लोरेनमधून आलेली निर्वासित कुटुंबेही होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘आपले’ आणि ‘परके’ या शब्दांवर किती भार टाकावा याचा अंदाज येतो. मोझेलमधील शार्ली या गावाने तर तेथे मेलेल्या आपल्या लोकांसाठी १९५० मध्ये स्वतःचे नावच शार्ली-ओरादूर असे करून घेतले. स्मारकलेखाचा याहून संक्षिप्त नमुना आम्हांस ठाऊक नाही.

हे भांडण किती दीर्घकाळ चालले याचा एक पुरावा विलक्षण आहे. कोठारातून निसटलेल्या पाच जणांपैकी एक रोबेर एब्रास यांनी त्या दिवसाची हकीकत लिहिली. तिच्यात आल्साससी सैनिकांच्या सक्तीच्या भरतीविषयी लिहिताना त्यांनी एक शंकादर्शक शब्द योजला. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी नुसते ‘म्हणे’ लावून जे साधतो तेवढेच त्या शब्दाने साधले होते. त्या एका ‘म्हणे’वरून भरती झालेल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०१२ साली कोल्मारच्या अपील न्यायालयाने एब्रास यांना दोषी धरले, आणि पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. स्वतःच्या आई व बहिणींची राख झालेल्या माणसाला जवळजवळ सत्तर वर्षांनी एका अव्ययाबद्दल जाब द्यावा लागला. आमचे व्यक्तिगत मत असे की, इतिहास म्हणून तो शब्द चुकीचाच होता, कारण भरतीची सक्ती निर्विवाद आहे. परंतु साक्षीदाराच्या तोंडी तो अक्षम्य नव्हता. शब्दशक्तींचा विचार वर्गात शिकविताना ध्वनीची उदाहरणे आपण काव्यातूनच देतो. हेही एक उदाहरण द्यावे. एब्रास त्याच २०१३ साली गाउक यांच्या हातात हात घालून चर्चमध्ये उभे होते, ही गोष्ट मात्र सांगावयास विसरू नये. ते ११ फेब्रुवारी २०२३ रोजी वारले; त्यांच्यानंतर त्या कोठारांतून वा चर्चमधून वाचलेले कोणी उरले नाही.

शेवटी एका अनुवादाच्या अडचणीविषयी लिहावयाचे आहे, कारण तीत या सर्व विवेचनाचा मुद्दा आपल्या भाषेत उभा राहतो. ओरादूरला फ्रेंचमध्ये ‘व्हिलाज मार्तिर’ म्हणतात. याचे मराठी काय करावे? ‘हुतात्मा गाव’ असे एका विद्यार्थ्याने सुचविले होते. मुंबईच्या चौकामुळे हा शब्द आपल्या कानांना परिचित आहे. पण संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्यांना तो शोभतो, कारण हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले, आणि अर्पणाला संकल्प लागतो. ओरादूरच्या स्त्रियांनी व मुलांनी कसलाही संकल्प सोडला नव्हता. त्या दुपारी लोक जेवणे उरकून आपापल्या कामाला लागले होते. त्यांना हुतात्मे म्हणणे म्हणजे मारणाऱ्याच्या कृत्याला मरणाऱ्याचा यज्ञ ठरविणे. वाक्यातला कर्ता पुन्हा बदलतो, आणि या वेळी तर आदराच्या मिषाने. ‘बळी गाव’ म्हणावे, तर बळी देणारा आणि घेणारी देवता असे दोघेही त्या शब्दात दबा धरून बसलेले आहेत.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र निराळा आहे. ‘मार्तिर’ म्हणजे साक्षी. ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेची साक्ष प्राण देऊन दिली जाऊ लागली तेव्हा त्याला आजचा अर्थ चिकटला. ऑगस्ट २०२० मध्ये ओरादूरच्या स्मृतिकेंद्राच्या दारावरील हा शब्द रात्रीतून कोणीतरी खोडला आणि त्या जागी रंगाने ‘खोटारडे’ या अर्थाचा शब्द लिहिला. घडलेले घडलेच नाही असे म्हणणाऱ्या पंथाचे हे काम. पण ते करताना त्या अज्ञात लेखकाने नकळत व्युत्पत्ती बरोबर ओळखली. शहिदाच्या विरुद्ध शब्द भ्याड किंवा द्रोही असा झाला असता. खोटारडा हा साक्षीदाराचा विरुद्धार्थी आहे. हल्ला गावाच्या थोरवीवर नव्हता, गावाच्या जबानीवर होता. दुसऱ्या दिवसांत रंग धुऊन काढण्यात आला आणि अक्षरे पूर्ववत झाली.

तेव्हा ‘साक्षी गाव’ हा प्रतिशब्द आम्ही सुचवितो. तो कानाला थोडा अपरिचित वाटेल, आणि न्यायालयाची पायरी चढलेल्या मराठी माणसाला ‘साक्षी’पेक्षा ‘साक्षीदार’ अधिक जवळचा वाटेल, ही हरकत आम्हांस मान्य आहे. ज्यांना तो अगदीच रुचणार नाही त्यांनी विशेषण गाळून नुसते ‘ओरादूर’ लिहावे. त्या घरांवरील पाट्यांवरही नाव आणि धंदा यांपलीकडे काही नाही.